ती दाढ दुधाची नाही

“दुधाचीच दाढ आहे, पडेल आपोआप.” सोलापूरच्या वस्त्यांत मुलांचे दात पाहताना आम्ही हे वाक्य नेहमी ऐकतो. पण साधारण सहाव्या वर्षी, एकही दुधाची दाढ न पडता, सगळ्यांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. ती गेली की पुन्हा येत नाही.

आई घरी बिड्या वळते, बाप कारखान्यात. दवाखाना म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून ठणका लागल्यावरच आपण जातो आणि “काढूनच टाका” असे आपणच सांगतो.

कीड खोल गेली तरी आतली नस जिवंत असेल, तर दाढ वाचू शकते. कीड साफ करून नसेवर औषधी सिमेंट बसवतात. त्यातले एमटीए अमेरिकेत डॉ. महमूद तोराबिनेजाद यांनी १९९० च्या दशकात पुढे आणले. बायोडेंटिन त्याच जातीचे. मुख्य घटक कॅल्शियम सिलिकेट, जो घराच्या सिमेंटमध्येही असतो. दातासाठी मात्र तो वेगळा, शुद्ध करून बनवतात. चांदी नुसता खड्डा बुजवते. हे सिमेंट ओलाव्यातच घट्ट होते, कॅल्शियम सोडते, जंतूंना वाढू देत नाही. मग नस स्वतःच दाताचा नवा थर तयार करते. या दाढेची मुळे उगवल्यानंतरही सुमारे तीन वर्षे वाढत असतात. नस वाचली तरच ती नीट पूर्ण होतात.

वेळ ओळखा. गार पाण्याने कळ येऊन लगेच थांबते, तेव्हाच जा. रात्री आपोआप ठणकू लागले तर नस वाचणे अवघड होते. तरी रूट कॅनालचा मार्ग उरतो. गालाला सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखऱ्या दाढेत मिश्री किंवा तंबाखू दाबू नका.

सरकारी शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. तपासणी मोफत असते, त्यात दातही पाहतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. सिव्हिलच्या दंत विभागातही दाखवता येते.

दाढ काढायला हो म्हणण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: ही दाढ कायमची आहे का? नस जिवंत आहे का? एमटीए किंवा बायोडेंटिन भरून ती वाचेल का, आणि इथे होत नसेल तर कुठे होईल? विचारायला लाजू नका. दाढ आपल्या लेकराची आहे.