धावपट्टीचे साठ टक्के

पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी २,५३५ मीटर लांब आहे. तेथे येणाऱ्या जेट प्रवासी विमानाला मात्र निघण्यापूर्वीच्या हिशेबात ती सगळी धरता येत नाही. विमान तिच्या साठ टक्क्यांत, म्हणजे १,५२१ मीटरमध्ये थांबू शकेल, असे आधी दाखवावे लागते. ते जमत नसेल तर वजन कमी करावे लागते. धावपट्टी ओली असण्याचा संभव असेल, तर आवश्यक लांबी आणखी पंधरा टक्क्यांनी वाढवतात. मग हिशेबाला उरतात जेमतेम १,३२० मीटर.

ही उधळपट्टी वाटेल. पण थांबण्याचे मूळ अंतर कसे मोजतात ते पाहा. चाचणी वैमानिक कोरड्या धावपट्टीच्या टोकावर बरोबर पंधरा मीटर उंचीवरून येतो आणि चाके टेकताच ब्रेक पूर्ण दाबतो. रोजच्या उड्डाणात चाके थोडी पुढे टेकतात, टायर झिजलेले असतात, वारा फिरतो.

यातील गणित शाळेतल्या गतीच्या समीकरणाचेच आहे. ब्रेकचा जोर तोच असेल, तर थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपल्या डिंगोऱ्यासारख्या गावात धावपट्टी नसली तरी सायकल असतेच. मैदानावर (रस्त्यावर नव्हे!) चुन्याची रेघ आखून तेथून ब्रेक दाबायला सांगावे आणि अंतर मोजावे. वेग दुप्पट केला की अंतर सुमारे चौपट भरते. जुन्नरच्या पश्चिम भागातील मुलांना ओल्या जमिनीचे वेगळे सांगायला नकोच.

उंचीचाही परिणाम होतो. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचावर आहे. तेथील हवा साडेपाच टक्के विरळ, म्हणून तेवढाच आधार मिळवण्यासाठी विमानाला अधिक वेगाने यावे लागते आणि थांबण्याचे अंतर सुमारे सहा टक्क्यांनी वाढते. उन्हाळ्यात त्याहून जास्त. विमानाच्या तक्त्यांत हे धरलेले असते.

तक्त्यांत न मावणारे ते कोळिकोडला ७ ऑगस्ट २०२० रोजी घडले. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पावसात उतरत होते. पाठीमागून ताशी सुमारे २६ किलोमीटरचा वारा होता. ताशी २५० च्या वेगात २६ मिळवले, तर वेग दहा टक्के वाढतो, अंतर मात्र बावीस टक्के! त्यात चाके टेकली ती सुमारे १,३५० मीटरवर; धावपट्टी होती २,७०० मीटर. म्हणजे निम्मी हवेतच संपली. पठारावरची ती धावपट्टी ओलांडून विमान खाली कोसळले आणि एकवीस जण दगावले.

म्हणूनच निघतानाचा हिशेब पुरेसा मानत नाहीत. उतरण्यापूर्वी वैमानिकाने त्या क्षणीचा वारा, पाणी व वजन घेऊन तो पुन्हा करावा आणि त्यात निदान पंधरा टक्के जादा धरावेत, अशी अपेक्षा असते. सुरुवातीच्या ठरावीक टप्प्यात चाके टेकली नाहीत, तर इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर जायचे.