अपघातभरपाईचा दावा : वकील निवडताना सावधान!

रस्ते अपघातातील जखमी अतिदक्षता विभागात असतानाच लहान शहरांत अनेकदा वकिलाचा माणूस नातेवाइकांपर्यंत पोहोचलेला असतो. ‘आता एक पैसाही देऊ नका, भरपाई मिळाल्यावर ठरावीक टक्के द्या,’ असे सांगितले जाते आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही होते. घरातील कर्ता माणूस खाटेवर असताना हा व्यवहार सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. पण तो नियमबाह्य आहे.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरविता येत नाही, तसेच मिळणाऱ्या रकमेत वाटाही मागता येत नाही. दलालांमार्फत अशील मिळविण्यासही मनाई आहे. तेलंगणमधील एका अपघातभरपाईवरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये टक्केवारीचे शुल्क हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे स्पष्ट केले होते. त्यामुळे शुल्काची रक्कम व हप्ते आधीच लेखी ठरवून घ्यावेत. भरपाई स्वतःच्या बँक खात्यातच घ्यावी आणि सही केलेला कोरा धनादेश कोणालाही देऊ नये.

अपघात दूरच्या महामार्गावर झाला तर दावाही तेथेच करावा लागतो, हा गैरसमज आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार अर्जदार जेथे राहतो, तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेही अर्ज करता येतो. म्हणजेच आपल्याच जिल्हा न्यायालयातील वकील पुरेसा ठरतो. मात्र लहान शहरांत असे दावे चालविणारे वकील मोजकेच असतात आणि त्यांतील काही विमा कंपन्यांचीही कामे पाहतात. धडक देणाऱ्या वाहनाच्या विमा कंपनीचे काम आपण करता का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारलेला बरा. त्यात संकोच कसला? ई-कोर्ट्स सेवेवर वकिलाच्या नावानेही प्रकरणे शोधता येतात. त्याने असे किती दावे चालविले, हे त्यावरून कळू शकते.

वकील शोधण्यात फार काळ घालविणेही परवडणारे नाही. कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असले, तरी त्या भरवशावर थांबणे धोक्याचे आहे. प्राथमिक माहिती अहवाल, पंचनामा, औषधोपचाराची बिले आणि उत्पन्नाचे पुरावे यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून जमवाव्यात. वकिलाकडे मूळ कागद दिल्यास त्याची पोच घ्यावी.

शुल्क देण्याची ऐपत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला, बालके, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.