पल्सर मोटारसायकल
पुण्याच्या बजाज ऑटो या कंपनीने नोव्हेंबर २००१ मध्ये बाजारात आणलेली, जलद चालनासाठी आखलेली मोटारसायकलींची मालिका. भारतात दोन आसनी क्रीडामोटारींचे उत्पादन फारच थोडे झाले. त्यामुळे एकाच नावाच्या वाहनाची रचना व हाताळणी पिढ्यांगणिक कशी बदलत जाते, हे पाहण्यासाठी या देशात मोटारसायकल हेच अधिक सोयीचे उदाहरण ठरते. [⟶ मोटारसायकल].

चालकाने दिलेल्या सूचनेस वाहन किती तत्परतेने व किती निश्चितपणे प्रतिसाद देते, यावरून त्याची हाताळणी ठरते. तिचा कस सरळ रस्त्यावर लागत नाही; तो वळणावर लागतो. पुण्याच्या दक्षिणेस कात्रजहून जुन्या बोगद्याकडे चढत जाणाऱ्या घाटरस्त्यासारख्या ठिकाणी एका वळणातून गाडी सरळ होते न होते तोच ती विरुद्ध बाजूस झुकवावी लागते. वळताना मोटारसायकल आतल्या बाजूस कलते व हा कल वेगाच्या वर्गावर आणि वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. ३० मी. त्रिज्येचे वळण ताशी ४० किमी. वेगाने घेतल्यास सु. २३° कल लागतो, तर ताशी ५० किमी. वेगास तो सु. ३३° होतो. वेग एकचतुर्थांशानेच वाढला, तरी टायर व रस्ता यांच्यामध्ये लागणारे घर्षण दीडपटीहून अधिक वाढते. पहिल्या पावसात डांबरावरील धूळ व सांडलेले तेल यांचा राप तयार होतो, तेव्हा एवढे घर्षण मिळेलच असे नाही. घाट उतरताना यात गतिरोधनाची भर पडते : वाहनाचा भार पुढच्या चाकावर सरकतो, मागचे हलके होते आणि ते जखडल्यास घसरते. सांगाडा, धक्काशोषक, टायर व गतिरोधक यांच्या गुणदोषांवर अशा वेळी चालकाची सुरक्षितता अवलंबून असते.

पल्सरपूर्वी बजाजची ख्याती मुख्यतः स्कूटरसाठी होती. जपानच्या कावासाकी कंपनीच्या सहकार्याने तिने १९८० नंतरच्या दशकात मोटारसायकली काढल्या. पल्सर मात्र कंपनीच्या स्वतःच्या संशोधन विभागाची निर्मिती होती. तिचे बाह्यरूप आखण्यात ग्लिन केर या ब्रिटिश अभिकल्पकाचा वाटा होता. १५० व १८० घ.सेंमी. वर्गांतील पहिल्या गाड्यांची शक्ती अनुक्रमे सु. १२ व १५ अश्वशक्ती होती. गोल दिवा, भरदार टाकी, पुढे चकती गतिरोधक आणि मागे साध्या स्प्रिंगांचे दोन धक्काशोषक अशी त्यांची रचना होती. एंजिन नळ्यांच्या सांगाड्यात खालून पाळण्यासारखे धरलेले होते. चाके १८ इंची व टायर अरुंद होते. इंधन बचतीसाठी १०० घ.सेंमी.ची गाडी घेणाऱ्या तेव्हाच्या ग्राहकास ही गाडी दांडगी वाटली. तथापि तिच्या एंजिनाच्या मानाने तिचा सांगाडा व टायर सामान्यच होते.

२००३ मध्ये सिलिंडराच्या माथ्यात समोरासमोर दोन ठिणगी गुडद्या बसविण्यात आल्या. ज्योतीला कमी अंतर कापावे लागत असल्याने मिश्रणाचे ज्वलन लवकर व अधिक पूर्ण होते आणि शक्ती व इंधनबचत दोन्ही काही अंशी वाढतात. जाहिरातीत या युक्तीचाच डंका पिटला गेला. हाताळणीच्या दृष्टीने मात्र त्याच गाडीचे वाढविलेले, १,३२० मिमी. एवढे आसांतर (दोन्ही चाकांच्या आसांमधील अंतर) अधिक महत्त्वाचे होते. आसांतर वाढले की गाडी वेगात स्थिर राहते, पण अरुंद वळणात ती वळविण्यास जड होते. हा सौदा प्रत्येक अभिकल्पकाला करावा लागतो.

२००५ च्या पिढीत १७ इंची मिश्रधातूची चाके व वायुभरित धक्काशोषक आले आणि गाडीची उंची सु. १२ मिमी.ने कमी झाली. लहान चाकाचा घूर्णी विरोध कमी असल्याने गाडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे चटकन झुकते. घाटात हा फरक अननुभवी चालकालाही जाणवतो. पुढचा टायर मात्र पूर्वीसारखाच २·७५ इंच रुंद राहिला, ही या पिढीची उणीव होय. २००६ मधील बदल प्रामुख्याने दिवे, अंकीय वेगमापक व मागचे निमुळते पुच्छ यांपुरते होते. २००७ मध्ये २२० घ.सेंमी.ची, इंधन अंतःक्षेपण असलेली व दोन्ही चाकांना चकती गतिरोधक लावलेली गाडी निघाली. २००९ मध्ये तिलाच कार्ब्युरेटर बसवून ती स्वस्त करण्यात आली.

खरा पालट २०१२ च्या २०० एनएस या गाडीने झाला. तिचा पोलादी सांगाडा एंजिनाला दोन्ही बाजूंनी कवटाळतो व पुढच्या काट्याचे शीर्ष आणि मागच्या भुजेची खीळ यांना जवळजवळ सरळ रेषेत जोडतो. त्यामुळे वळणात सांगाड्याला पीळ कमी पडतो आणि दोन्ही चाके एकाच प्रतलात राहतात. मागे दोनांऐवजी एकच धक्काशोषक आला. पुढचा टायर १०० मिमी. व मागचा १३० मिमी. रुंद झाला. द्रवशीतित, चार झडपांच्या व तीन गुडद्यांच्या एंजिनाची शक्ती सु. २३ अश्वशक्ती होती. याच सुमारास ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीची ड्यूक २०० ही गाडी बजाजच्या चाकण येथील कारखान्यात तयार होऊ लागली. तिचे एंजिन याच कुळातले, पण सांगाडा जाळीदार नळ्यांचा होता. एंजिन जवळचे असूनही दोन गाड्यांचा स्वभाव वेगळा निघाला, यावरून सांगाड्याचे महत्त्व ध्यानात येते.

२०१५ ची आरएस २०० ही पूर्ण आवरणाची गाडी एनएसपेक्षा सु. २० किग्रॅ. जड होती. ती सरळ महामार्गावर शोभते. घाटात हे वजन जाणवते. पुढे प्रगती नेहमी एकाच दिशेने झाली असेही नाही. २०२१ च्या २५० घ.सेंमी.च्या गाड्यांत कंपनी पुन्हा दोन झडपांच्या, तेलशीतित एंजिनाकडे व नळ्यांच्या सांगाड्याकडे वळली. २०२३ मध्ये एनएस २०० ला उलटा पुढचा काटा मिळाला. यात जाड नळी वरच्या बाजूस पक्की धरलेली असते, म्हणून जोराच्या गतिरोधनातही काटा कमी वाकतो. २०२४ मध्ये ३७३ घ.सेंमी. व सु. ४० अश्वशक्तीची एनएस ४०० झेड आली.

१२५ घ.सेंमी.हून मोठ्या सर्व दुचाकींना चाके जखडू न देणारी गतिरोधक प्रणाली १ एप्रिल २०१९ पासून भारतात सक्तीची झाली. तीमुळे ओल्या उतारावर सरळ रेषेत थांबताना होणारे घसरणे पुष्कळ टळते. परंतु झुकलेल्या गाडीच्या टायरावर वळणाचा भार आधीच असतो व गतिरोधनासाठी फारच थोडे घर्षण शिल्लक उरते. साध्या प्रकारच्या प्रणालीला गाडी किती झुकली आहे हे कळत नाही. म्हणून वेग वळणाच्या आधीच, गाडी सरळ असताना, कमी करावा लागतो.