कमी आचेचे डांबर

डांबरी रस्त्याचे काम तुम्ही पाहिलेच असेल. ट्रकमधून काळा माल पडतो. धूर उठतो, डोळे चुरचुरतात. मजूर बायाबापड्यांना तर दिवसभर त्याच धुरात राबावे लागते.

डांबर इतके तापवतात कशाला? गार डांबर घट्ट असते. ते खडीला सगळीकडून लागत नाही. म्हणून खडी आणि डांबर खूप तापवून कालवतात. पाणी १०० अंशांवर उकळते. हा माल सुमारे १५० ते १६० अंश तापवावा लागतो.

यावर १९९० नंतर युरोपात एक तोड निघाली. तापल्या डांबरात थोडेसे पाणी सोडायचे. पाण्याची झटकन वाफ होते. डांबर फेसाळते, सैल होते. मग कमी आचेवरही ते खडीला नीट लागते. कुणी पाण्याऐवजी मेण घालतात, कुणी रसायन. उष्णता २० ते ४० अंश कमी लागते. या मालाला 'वॉर्म मिक्स' म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१४ साली याबद्दल मार्गदर्शन छापले.

यात जळण वाचते. धूर कमी होतो. मजुराच्या छातीला आराम पडतो.

पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. खडी अगदी कोरडी हवी. ओल राहिली तर डांबर सुटते आणि पावसाळ्यात खड्डे पडतात. दुसरे, माल निवायच्या आत रोलर फिरलाच पाहिजे.

रस्ता गावाचा आहे. काम चालू असेल तेव्हा जाऊन बघा. शंका आली तर विचारा. विचारायला लाजू नका.