खोटें काडतूस : निवड आणि निगा

आमच्या शाळेंतील राष्ट्रीय छात्रसेनेच्या तुकडीस कवायतीसाठीं दहा खोटीं काडतुसें मिळालेलीं आहेत. तीं एका पत्र्याच्या डबींत असतात, आणि कवायत संपल्यावर मोजून परत ठेवलीं जातात. गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं संध्याकाळीं आम्ही तीं मोजूं लागलों, तों दहांचीं अकरा भरलीं. एखादें कमी भरलें असतें तर आम्हीं मैदान धुंडाळलें असतें. परंतु एक अधिक भरलें, तेव्हां आमच्या अंगावर कांटा उभा राहिला.

चौकशीअंतीं कळलें कीं, एका मुलास आपल्या दिवंगत आजोबांच्या पेटींत तें काडतूस सांपडलें होतें. आजोबा फौजेंत होते. शाळेच्या डबींत एकाची भर पडेल, अशा भाबड्या समजुतीनें त्यानें तें आणून टाकलें. आमच्या दहाहि काडतुसांवर तांबडे पट्टे आहेत, म्हणूनच अकरावें तात्काळ निराळें दिसलें. मुलांस दूर सारून, त्यास हात न लावतां, आम्हीं पोलिसांस बोलाविलें व तें त्यांच्या स्वाधीन केलें. मुलाचा हेतु चांगला होता. परंतु काडतूस कोणाचा हेतु पाहत नाहीं. या प्रसंगावरून हा विषय विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें नीट मांडावा असें आम्हांस वाटलें.

प्रथम खरें काडतूस म्हणजे काय तें पाहूं. त्याचे भाग चार : पितळी पुंगळी, तिच्यांतील दारू, तोंडाशीं बसविलेली गोळी, आणि बुडाशीं असलेली टोपी. चाप ओढला कीं फायरिंग पिन नांवाची पोलादी खीळ टोपीवर आपटते. टोपींतील मसाला पेटतो, त्यानें दारू पेटते, आणि तिच्या वायूच्या जोरानें गोळी नळींतून बाहेर पडते. खोटें काडतूस आकारानें व मापानें तसेंच असतें. परंतु त्यांत दारू नसते आणि पेटणारी टोपीहि नसते. यासच डमी राऊंड असें म्हणतात. नुसत्या आवाजासाठीं वापरतात तें ब्लँक काडतूस याहून अगदीं निराळें होय. त्यांत गोळी नसली तरी दारू व टोपी असतात, आणि जवळून उडविल्यास तें प्राणहि घेऊं शकतें. ब्लँक व डमी यांस एकच समजणें ही मोठी घोडचूक आहे.

आतां कोणी विचारील, गोळी सुटायचीच नाहीं तर असल्या काडतुसाचा उपयोग काय? उत्तर असें कीं, नेमबाजीचा पुष्कळसा अभ्यास गोळीवांचूनच होतो. चाप ओढण्याच्या क्षणीं, आवाजाच्या व धक्क्याच्या भीतीनें नवशिक्याचा हात नकळत दचकतो आणि नेम चुकतो. बंदुकींत दारूगोळा नसतांना नेम धरून चाप ओढला, तर हा दचका उघडा पडतो. पुढील माशी हलली कीं स्थिर राहिली हें स्वतःस दिसतें. यास आपण कोरडा सराव म्हणूं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिक येथें ५० मीटर प्रोन प्रकारांत जागतिक अजिंक्यपद मिळविलें. त्याच जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्या स्पर्धेच्या निशाणावर दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर रुंद असतें. पन्नास मीटरांवरून तें साधण्यास चापावरील बोट किती शांत असावें लागतें, याची कल्पना वाचकांनींच करावी.

मग बंदूक अगदीं रिकामी ठेवून चाप कां ओढूं नये? कांहीं बंदुकींस तें चालतें, कांहींस बाधतें. टोपीच्या जागीं कांहींच नसलें म्हणजे खिळीचा आघात झेलावयास कोणी नसतें, आणि पुष्कळ दिवसांनीं खीळ किंवा तिची स्प्रिंग झिजण्याचा वा तुटण्याचा संभव असतो. पॉईंट टू-टू रायफलींत अडचण आणखी निराळी आहे. तिच्या काडतुसास स्वतंत्र टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेच्या आंत पसरलेला असतो, व खीळ त्या कडेवरच आपटते. काडतूस नसतांना ती नळीच्या तोंडाच्या पोलादी कडेस लागली, तर तेथें बारीक ठेंच उमटते, आणि पुढें खरीं काडतुसें अडकूं लागतात. आपल्या बंदुकीस काय चालतें हें तिच्या कारखानदाराच्या पुस्तिकेंत पाहावें. तर्कानें ठरवूं नये.

खोटें काडतूस निवडतांना पहिली कसोटी मापाची. बंदुकीवर जें माप कोरलेलें असेल नेमकें तेंच घ्यावें. 'जवळपास बसतें' म्हणून दुसरें खुपसूं नये.

दुसरी कसोटी ओळखीची. काडतूस खोटें आहे हें डोळ्यांस एका दृष्टिक्षेपांत आणि बोटांस अंधारांतहि कळलें पाहिजे. म्हणून कोणी तें तांबडें किंवा निळें रंगवितात, कोणी पुंगळीस आरपार भोकें पाडतात, तर कोणी तिच्यावर उभ्या खांचा दाबून त्यांत तांबडा रंग भरतात. जें हुबेहूब खऱ्यासारखें दिसतें तें उत्तम, असें मुलांस वाटतें. वस्तुतः तेंच सर्वांत वाईट.

तिसरी कसोटी पदार्थाची. प्लॅस्टिकचें स्वस्त असतें, परंतु त्याची कडा लवकर फाटते. ॲल्युमिनियमचें अधिक टिकतें. पितळेचें वजनदार असल्यामुळें भरण्याच्या सरावास हातीं बरें लागतें. चौथी कसोटी बुडाची. चाप ओढण्यासाठीं घ्यावयाचें असेल तर टोपीच्या जागीं स्प्रिंग किंवा रबर यांची उशी आहे ना, हें पाहावें. अशांस स्नॅप कॅप म्हणतात. पॉईंट टू-टूचीं ॲल्युमिनियमचीं डमी काडतुसें बहुधा भरण्या-काढण्याच्या सरावापुरतीं असतात. खिळीच्या थोड्याच आघातांत त्यांची कडा चेपते.

पांचवी गोष्ट कसोटी नव्हे, सक्त मनाई आहे. खरें काडतूस उघडून, दारू काढून टाकून घरीं डमी बनवूं नये. तिचा परिणाम काय होतो तें अमेरिकेंतील एका प्रसंगावरून कळतें. १९९३ सालीं विल्मिंग्टन येथें 'द क्रो' या चित्रपटासाठीं खऱ्या काडतुसांतील दारू काढून डमी बनविलीं होतीं. परंतु एकाची टोपी जिवंत राहिली. तिच्या एवढ्याशा जोरानें गोळी पुंगळींतून सुटून नळींत अडकून बसली, व तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. पुढें त्याच रिव्हॉल्व्हरमधून ब्लँक उडविलें, तेव्हां ती अडकलेली गोळी बाहेर पडली आणि नट ब्रँडन ली प्राणास मुकला. अर्धवट मारलेलें काडतूस हें जिवंत काडतुसाहून फसवें असतें.

निवडीइतकीच निगाहि महत्त्वाची आहे. प्रत्येक काडतुसावर क्रमांक घालावा. सराव संपल्यावर तें कोरड्या फडक्यानें पुसावें. तेल चोपडूं नये, कारण तेलास धूळ चिकटते आणि ती नळींत जाऊन बसते. पितळी काडतुसें चामड्याच्या पट्ट्यांत किंवा पिशवींत दीर्घकाळ ठेवूं नयेत; चामड्यांतील द्रव्यांनीं पितळेस हिरवा कळंक चढतो, आणि आपल्याकडील पावसाळ्यांत तर तो फारच झपाट्यानें चढतो. कडेवर बोट फिरवून चीर, चेप किंवा खरखर आहे काय तें पाहावें. स्नॅप कॅपची उशी बोथट काडीनें दाबून पाहावी. दाबलेली वर येत नसेल तर तिचें काम संपलें असें समजावें. रंग उडाला असल्यास तो पुन्हा द्यावा. रंग उडालेलें डमी म्हणजे ओळख हरवलेलें डमी होय. निकामी झालेलें काडतूस कचऱ्यांत न फेंकतां त्याचे दोन तुकडे करावे, म्हणजे तें पुन्हा कोणाच्या हातीं फसवें ठरणार नाहीं.

हें सर्व करूनहि एक काम उरतेंच, तें म्हणजे खरें व खोटें यांस कधींहि एका छपराखालीं येऊं न देणें. २०२१ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत न्यू मेक्सिकोंत 'रस्ट' या चित्रपटाच्या चित्रीकरणांत डमी काडतुसांत खरें काडतूस मिसळलें गेलें. तेथील डमी दिसावयास खऱ्यासारखीं होतीं. कांहींच्या आंत छर्रा होता, व तो खुळखुळतो कीं नाहीं हें प्रत्येक काडतूस हालवून ऐकावयाचें असतें. गोळी सुटली आणि छायाचित्रण करणारी एक स्त्री मृत्यु पावली. शस्त्रांची व्यवस्था पाहणारीस पुढें २०२४ सालीं अठरा महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. अमेरिकेंतील ही चूक आणि आमच्या डबींतील अकरावें काडतूस यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं. अंतर एवढेंच कीं, आमच्याकडे तांबडे पट्टे होते व मोजण्याची रीत होती.

म्हणून सरावाचे नियम असे : शिक्षक समोर असल्याखेरीज बंदुकीस हात लावूं नये. ज्या खोलींत खरें काडतूस आहे तींत कोरडा सराव करूं नये. बंदूक हातीं घेतांच ती उघडून डोळ्यांनीं पाहावी व बोटानें चांचपावी. प्रत्येक डमी भरण्यापूर्वीं तपासावें. नळीचें तोंड कोणाही मनुष्याकडे, थट्टेनेंहि, वळवूं नये. बंदूक रिकामी आहे ही सबब जगांत आजवर पुष्कळांनीं पश्चात्तापाच्या अश्रूंसह सांगितली आहे.

पालकांस आमची एक विनंति आहे. ज्यांच्या घरीं कोणी फौजेंत वा पोलिसांत होते, त्यांनीं जुन्या पेट्या एकदां स्वतः उघडून पाहाव्या. काडतूस सांपडल्यास तें ठोकून, उघडून वा तापवून पाहूं नये, मुलांच्या हातीं देऊं नये, शाळेंतहि पाठवूं नये. जेथें आहे तेथेंच राहूं देऊन पोलिसठाण्यांत कळवावें. परवान्यावांचून दारूगोळा बाळगणें १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये गुन्हा आहे, हें तर खरेंच. परंतु त्याहून मोठी गोष्ट मुलांच्या जिवाची आहे.

त्या मुलास आम्हीं शिक्षा केली नाहीं. त्या दिवसापासून डबी मोजण्याचें काम त्याजकडे दिलें आहे. तो दर वेळीं दोनदां मोजतो, आणि दहा भरलीं म्हणजे मोठ्यानें सांगतो.