ठोका कडक हवा, पण कानही शाबूत हवा

गणपतीची मिरवणूक असो की लग्नाची वरात, नालासोपारा पूर्वेच्या तुळिंज परिसरात बेंजोच्या जोडीला ऑक्टोपॅडचा ठोका ऐकू येतोच. रबरी पॅडवर काठी पडते आणि ढोल, ताशा, टाळी असा हवा तो आवाज निघतो. हे आवाज आता घरच्या लॅपटॉपवरही घडवता येतात. पण एका खोलीच्या घरात, घरचे झोपल्यावर हे काम करायचे तर हेडफोनला पर्याय नसतो. एकच ठोका मनासारखा जमेपर्यंत शेकडो वेळा ऐकला जातो. कानांच्या आरोग्याचा प्रश्न इथेच येतो.

बँडपथकातल्या साइड ड्रमला इंग्रजीत स्नेअर म्हणतात. त्याच्या खालच्या पडद्याला तारांची जाळी टेकलेली असते. काठी पडताच दोन आवाज एकदम निघतात. एक पडद्याचा ‘धप्‌’, साधारण 200 हर्ट्झच्या आसपासचा. दुसरा तारांचा ‘छर्र’, कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पसरलेला. तबल्याचे तसे नसते. शाईमुळे त्याचे उपस्वर मुख्य स्वराशी जुळतात, हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले होते. तबला स्वरात बोलतो, तर स्नेअरचा जीव त्याच्या खरखरीत असतो.

इलेक्ट्रॉनिक स्नेअरही याच दोन भागांतून बनतो. एक सूर घ्यायचा, त्यावर खरखर चढवायची आणि दोन्ही किती लवकर विझावेत ते ठरवायचे. जपानच्या रोलँड कंपनीचे 1980 मधले टीआर-808 हे यंत्र असेच चाले. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी त्याच यंत्राच्या ठेक्यावर दहा राग बसवले आणि 1982 मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. आज जगभर तिचे कौतुक होते.

ठोका ‘कडक’ वाटावा म्हणून साधारण 2 ते 5 हजार हर्ट्झचा भाग उचलला जातो. आपला कान नेमका याच पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो, कारण कानाची नळी 3 हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवते. मोठ्या आवाजापासून बचाव करायला मधल्या कानात एक इवलासा स्नायू असतो. तो रिकिबीच्या आकाराचे हाड ताणून धरतो आणि आत जाणारा आवाज कमी करतो. पण त्याला जागे व्हायला काही दशांश मिलिसेकंद नव्हे, तर कित्येक मिलिसेकंद लागतात, बहुधा 25 ते 100 च्या घरात. ठोक्याचा कडाका तोवर आत पोहोचलेला असतो. शिवाय हा बचाव मुख्यतः खर्जातल्या आवाजांपुरता असतो.

कान आणखी एका बाबतीत फसतो. सुमारे 200 मिलिसेकंदांपेक्षा छोटा आवाज त्याला प्रत्यक्षाहून हळू भासतो. म्हणून ठोक्याचे टोक बरेच वर गेले, तरी ‘फार मोठा नाही’ असेच वाटते.

प्रत्येक कानात आतल्या ओळीच्या सुमारे 3,500 आणि बाहेरच्या ओळींच्या सुमारे 12,000 केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने होणारी हानी बहुधा 4 हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होते. तेव्हा स, श, फ यांसारखे वर्ण आधी पुसट होतात. ‘ऐकू येते, पण नीट कळत नाही’ ही तक्रार तिथून सुरू होते. काहींच्या कानात सतत शिट्टी वाजू लागते.

तीन-चार तासांनी थकलेल्या कानाची वरच्या पट्टीतली तल्लखता तात्पुरती उतरते. मग स्नेअर बोथट वाटतो, म्हणून त्याची धार वाढवली जाते, आवाजही वाढतो आणि कान आणखी थकतो. सकाळी तेच गाणे कर्कश लागते. म्हणजे गाणेही बिघडते आणि कानही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो. दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 90 डेसिबलला आठवड्यात जेमतेम चार तास उरतात.

काही सवयी उपयोगी पडतात. कान ताजा असताना आवाजाची पातळी ठरवावी, शक्यतो कमाल पातळीच्या 60 टक्क्यांखाली, आणि नंतर ती वाढवू नये. दर तासाला दहा मिनिटे शांतता द्यावी. स्नेअर पुढे आणायचा तर तो चढवण्याऐवजी त्या जागी बाकीची वाद्ये उतरवावीत. शेवटचा निर्णय रात्री घेऊ नये. सकाळी, हळू आवाजात ऐकून घ्यावा. मिरवणुकीत वाजवताना चांगले इअरप्लग घालावेत, कापसाच्या बोळ्यांनी फारसे काही साधत नाही.

कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. या आजारात उपचार लवकर सुरू झाले तरच श्रवणशक्ती परत येण्याची आशा जास्त असते.