मुळेच्या पाण्याची परीक्षा

मैत्रिणींनो, पदवी हातात पडल्यावर तुमची लेक एक दिवस म्हणाली, “आई, मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते, पुढं संशोधन करते,” तर तुम्ही काय म्हणाल? बहुतेक आया पहिल्यांदा विचारतात, “म्हणजे करायचं काय गं?” आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, “नदीनाल्यांतून हिंडायचं? आणि उद्या सासरी काय सांगायचं?” हे प्रश्न रास्तच आहेत. त्यांची उत्तरं शोधायला आपण पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात जाऊ या.

मुळा नदी इथल्या डोंगरांत उगम पावते. पौडवरून खाली येते, दापोडीजवळ पवनेला घेते आणि पुण्याच्या संगमावर मुठेला भेटते. पुढं हेच पाणी भीमेतून उजनी धरणात जातं. म्हणजे मुळशीत पडलेल्या पावसाचं आणि पुण्याच्या मोरीतून वाहिलेल्या पाण्याचं नातं थेट सोलापूर जिल्ह्याशी आहे!

मुळशीचं धरण तर तुम्ही ऐकलं असेलच. टाटांच्या या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात पुढं होते. धरण झालंच. अडवलेलं पाणी सह्याद्रीपलीकडं भिऱ्याला सोडून १९२७ पासून वीज तयार होऊ लागली. मुंबईला दिवे लागले, मुळशीकरांची भातखाचरं पाण्याखाली गेली. सोय कुणाची आणि किंमत कुणी मोजायची, हा पर्यावरणशास्त्रातला एक मोठा प्रश्न आहे. मुळशीनं तो शंभर वर्षांपूर्वीच विचारला होता.

आता संशोधन करणारी मुलगी इथं काय करते ते पाहा. ती एकाच दिवशी वरच्या गावाजवळ, पौडला, मग हिंजवडी-बाणेरच्या बाजूला, मग शहरात, असं ठिकठिकाणी नदीचं पाणी बाटलीत भरते. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, हेच काम पुन्हापुन्हा. बाटलीत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये, कारण तिला पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा असतो. मासे जगतात ते त्याच्यावर.

त्या पाण्यात ती दोन रसायनं घालते. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. मग थोडं आम्ल घातलं की साका विरघळून पाणी पिवळसर होतं. शेवटी त्यात स्टार्च पडतो. हो, आपण सुती साडीला लावतो तोच! पाणी निळंशार होतं. ते पुन्हा रंगहीन व्हायला दुसऱ्या द्रावणाचे किती थेंब लागले, यावरून प्राणवायूचा हिशेब निघतो. स्वयंपाकघरात ज्यांचा हात मोजून-मापून चालतो, त्यांना हे काम मुळीच परकं वाटणार नाही.

दुसरी परीक्षा असते घाणीची. पाण्यातले सूक्ष्म जंतू सांडपाण्यातलं अन्न खातात आणि खाताना प्राणवायू वापरतात. तो किती लागला, यावरून ‘बीओडी’ हा आकडा मिळतो. आंघोळीला योग्य नदीत दर लिटरला प्राणवायू निदान ५ मिलिग्रॅम असावा आणि बीओडी ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असं आपल्याकडचं मान आहे. घरगुती सांडपाण्याचा बीओडी असतो २०० ते ३००. आणि दुधाचा? तो लाखाच्या घरात! नासलेलं १ लिटर दूध मोरीत ओतलंत, तर ते पचवायला नदीच्या सुमारे १२ हजार लिटर चांगल्या पाण्यातला सगळा प्राणवायू लागतो. आहे की नाही नवल?

सगळं संशोधन बाटल्यांतच असतं असंही नाही. मुळशी, मावळ, वेल्हे या भागांतल्या देवराया तुम्हाला माहीत असतील. देवीचं रान म्हणून तिथल्या झाडाला कोयता लावायचा नाही, ही आपल्या आज्या-पणज्यांची रीत. पुण्याचे डॉ. माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या राया पायी हिंडून अभ्यासल्या. बाकी डोंगर उघडे पडले तरी जुनी झाडं आणि वेली इथं टिकून राहिल्या, हे त्यांनी जगापुढं मांडलं. हे काम घडलं ते गावातल्या जाणत्या माणसांशी बोलून. अशा कामात मुली मागं पडत नाहीत. गावातल्या बाया त्यांच्याशी जास्त मोकळेपणानं बोलतात.

बरं, शिकून पुढं काय? प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारखाने, नगरपालिका, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा, सगळीकडं ही माणसं लागतात. पर्यावरण हा विषय शिकवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सांगितलं, त्यामुळं शिकवण्याचं क्षेत्रही आहे. नेट परीक्षेत हा स्वतंत्र विषय आहे, आणि चांगले गुण मिळाले तर संशोधनासाठी दरमहा शिष्यवृत्ती मिळते.

काळजी वाटते ती वाटणारच. पण नकार देण्याआधी लेकीबरोबर एकदा विभागात जाऊन या आणि स्पष्ट विचारा: नमुने आणायला मुली गटानं जातात का? गाडी कोण देतं? परतायला किती वाजतात? प्रयोगशाळेत आम्लं हाताळताना हातमोजे, चष्मा मिळतो का? ही उत्तरं नीट मिळाली तर निम्मी धास्ती तिथंच उतरते. सून शिकत असेल, तर नमुन्यांच्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कुणी पोळ्या लाटल्या म्हणून काही बिघडत नाही!

आणि तुम्ही घरात काय कराल? उरलेलं तेल, नासलेलं दूध मोरीत ओतू नका. खरकटी ताटं आधी पुसून घ्या, मग घासा. धुण्याची पावडर चमच्यानं मोजून घाला; जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे. पावडरीत फॉस्फेट असेल तर ते, आणि मैलापाण्यातलं खत, नदीत जलपर्णीला पोसतं. तो हिरवा गालिचा दिसायला छान, पण त्याखाली पाणी गुदमरतं.

नदी एका घरानं बिघडत नाही, तशी एका घरानं सुधारतही नाही, हे खरं. मैलापाणी शुद्ध करणं हे नगरपालिकेचं काम आहे आणि ते तिला विचारायलाच हवं. पण विचारायचं तर हातात आकडा लागतो. तो आकडा आणणारी मुलगी तुमच्या घरातून निघणार असेल, तर तिला डबा भरून द्या, आणि जाऊ द्या.